चुकांचा तास

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई पहिलीतल्या मुलांना 'अहो' म्हणत. "अहो, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." "अहो, आपण आत्ता त्यांच्या अंगावर पाणी उडवलंत, ते मुद्दाम की चुकून?" सहा वर्षांचं पोर आधी मागे वळून बघायचं, की आपल्या पाठीशी कोणी मोठं माणूस उभं आहे का. तसं कोणी नाही हे लक्षात आलं की ते हळूच पाठ ताठ करायचं आणि उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा खरं उत्तर द्यायचं.

मोठ्या माणसांच्या वाट्याला मात्र बाईंचा एवढा मान येत नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात येऊन मुलांच्या बाकाकडे बघत उभे राहिले. बाई म्हणाल्या, "बसा की. लहान आहे, पण रोज पाच तास बसतात त्यावर." साहेब बसले. गुडघे छातीशी घेऊन वीस मिनिटं बसले. जाताना शेरेबुकात काय लिहून गेले ते बाईंनी उघडूनही बघितलं नाही.

शाळा कर्वेनगरातली, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. दोन्ही बाजूंना उंच सोसायट्या आणि मधे आमची दोन मजली इमारत. बाई सदाशिव पेठेतून जुन्या स्कूटरवर यायच्या, सातला दहा मिनिटं कमी असताना. ऑफिसात शिरल्यावर हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायच्या आणि दिवसभर त्यात शाळेत सापडलेल्या वस्तू जमा व्हायच्या. खोडरबर, केसांच्या पिना, एकेक मोजे, आणि महिन्यातून दोन-तीनदा कोणाचा तरी पडलेला दुधाचा दात. दाताचा मालक सापडेपर्यंत बाई घरी निघायच्या नाहीत. एकदा तर दात खिशात घालून त्या मुलाच्या घरी पोचल्या होत्या. दारात आलेल्या आईला म्हणाल्या, "यांचं सामान राहिलं होतं."

बाई शाळेत डबा आणायच्या, तो रिकामा. मधल्या सुट्टीत स्टीलचा तो डबा घेऊन कुठल्याही एका वर्गात जायच्या, मुलांच्या रांगेत मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, "मला एक घास देता का?" नव्या मुलांना वाटायचं की मोठ्या बाई फार गरीब आहेत. एकीने घरी जाऊन तसं सांगितलंही, आणि दुसऱ्या दिवशी तिची आई पिशवीभर चपात्या घेऊन आली. बाईंनी त्या घेतल्या, आभार मानले आणि चौथीच्या वर्गात वाटून टाकल्या.

त्या घासामागे एक नियम होता, तो मला फार उशिरा कळला. मुलाने 'नाही' म्हटलं तर बाई म्हणायच्या, "बरं. सांगितलंत हे बरं केलंत." आणि पुढच्याकडे वळायच्या. रागावणं नाही, 'वाटून खावं' असा उपदेशही नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, मुलांना द्यायला शिकवायचं की नाही म्हणायला?"

"ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं हो काय कामाचं?" बाई म्हणाल्या आणि कोणाच्या तरी डब्यातल्या भोपळ्याच्या घाऱ्या चवीने खाऊ लागल्या.

मी त्या शाळेत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं. घरी शेती होती, त्यातली निम्मी बिल्डरकडे गेलेली. गाव शहरात आलं तरी आमच्या बोलण्यात 'हाय' आणि 'न्हाय' राहिलं होतं. मुलाखतीला जाताना मी सगळ्या रस्त्याने 'आहे', 'नाही', 'कुठे', 'तिथे' असं पुटपुटत गेले.

मुलाखत झालीच नाही. बाईंनी मला पहिलीच्या वर्गात सोडलं आणि स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसल्या. मी पाठ करून आणलेली गोष्ट सांगितली, हातवारे केले, फळ्यावर मोर काढला. अर्ध्या तासाने बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "दुसऱ्या रांगेतल्या एक बाई रडत होत्या. का?"

"कोण?" मी म्हटलं.

"म्हणजे दिसल्या नाहीत. तुम्ही कोणाकडे बघत होतात?"

काहीतरी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. "तुमच्याकडे," मी म्हटलं.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसात माझ्या तोंडून निघून गेलं, "प्यायचं पाणी कुठं हाय?" आमच्या कारकून मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले. बाई हजेरीपट बघत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "यांना दोन मराठी येतात, तुम्हाला एकच. हसताय कशाला?" त्यानंतर त्या ऑफिसात माझ्या बोलण्याला कोणी हसलं नाही. मी मात्र आणखीच जपून बोलू लागले.

बाईंची सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे शनिवारचा शेवटचा तास. वेळापत्रकात त्याच्यापुढे 'कार्यानुभव' असं लिहिलेलं असे, पण मुलं त्याला चुकांचा तास म्हणत. वर्गात गोल करून बसायचं आणि आठवड्यात आपलं काय चुकलं ते सांगायचं. सुरुवात शिक्षकाने करायची. बाई प्रत्येक शनिवारी एका वर्गावर यायच्या आणि मुलांसारख्याच हात वर करून बोलायच्या. "मी मंगळवारी दुसरीला सांगितलं की देवमासा हा मासा आहे. तो मासा नाही. माझी चूक." मुलं गंभीरपणे माना हलवायची.

मग मुलं बोलायची. कोणी बहिणीची रंगपेटी लपवलेली, कोणी पाढा येत नसताना येतो म्हणून सांगितलेलं. एखादा म्हणायचा, "मी विराजला ढकललं, पण त्यानेच आधी..."

"'पण'च्या आधी पूर्णविराम," बाई म्हणायच्या. "त्यांचं ते सांगतील. तुमचं संपलं."

आणि नवल म्हणजे बऱ्याचदा पलीकडून विराज हात वर करायचा.

पालकांना हा तास पसंत नव्हता. एक वडील हिंजवडीहून ऑफिसची रजा टाकून आले होते. "मॅडम, मुलाला स्ट्राँग बनवायचं की त्याच्या चुका काढायच्या? त्याचा कॉन्फिडन्स जातोय."

बाईंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमचे चिरंजीव परवा तीस जणांसमोर उभं राहून म्हणाले, 'माझी चूक झाली.' आपण उद्याच्या मीटिंगमध्ये म्हणून बघा. जमलं तर मला कळवा, मग आपण कॉन्फिडन्सचं बोलू."

ते गृहस्थ उठून गेले. मुलगा शाळेतच राहिला, पण त्यांनी बाईंना पुन्हा कधी नमस्कार केला नाही. बाईंचं असंच होतं. मुलांच्या बाबतीत कमालीचा धीर, आणि मोठ्यांना चार शब्द गोड बोलायचे तर जीव जायचा. त्यापायी शाळेचं नुकसानही झालं. किती तरी पालक दुखावून गेले. मी एकदा तसं सुचवलं तर म्हणाल्या, "खरं आहे. ते मला येत नाही." आणि तेवढ्यावर विषय संपला.

मी तो तास उरकत असे, हे कबूल करायला हवं. शिक्षकाने सुरुवात करायची म्हणून मी फळ्यावर तारीख चुकले, खडू आणायला विसरले, असं काहीतरी सांगायची. खऱ्या चुका सांगायला मी काही खुळी नव्हते. एवढ्या कष्टाने मिळवलेली खुर्ची होती. मुलांसमोर आपण चुकतो म्हटलं की वर्ग हातातून गेला, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात प्रज्ञा नावाची एक मुलगी होती. वेण्या घट्ट बांधलेल्या, बोलणं कमी, अक्षर वाकडंतिकडं. तिचे वडील स्वारगेटहून सुटणाऱ्या बसवर कंडक्टर होते. 'माझा प्रवास' या विषयावर मी दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. प्रज्ञाने पाचच लिहिल्या. मला त्या अजून पाठ आहेत.

'मी पप्पांच्या बसमध्ये बसले होते. स्वारगेटला एक आजी चढल्या. त्यांच्याबरोबर मेथीचा वास पण चढला. पप्पांनी आजींना तिकीट दिलं. वासाला दिलं नाही, तरी तो शेवटच्या स्टॉपपर्यंत आला.'

मी ते दोनदा वाचलं. आठ वर्षांची मुलगी, जिला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, ती असं लिहील? मी लाल पेनने खाली शेरा मारला. 'हे तुझं वाटत नाही. घरच्यांनी सांगितलेलं लिहू नये. स्वतः लिही.'

पुढच्या वेळी विषय होता 'आवडता प्राणी'. प्रज्ञाने लिहिलं, 'गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. गाय आपल्याला दूध देते.' पूर्ण दहा ओळी. मी 'छान' असं लिहिलं आणि एक चांदणी काढली. त्यानंतरचे सगळे निबंध तसेच आले आणि मी सगळ्यांना चांदण्या दिल्या. मला मनापासून वाटत होतं की मुलगी सुधारतेय.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी माझ्या वर्गाच्या वह्या मागवल्या. संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. प्रज्ञाची वही त्यांच्यासमोर उघडी होती.

"या वहीत दोन मुली आहेत," बाई म्हणाल्या. "पहिली कुठे गेली?"

मी समजावून सांगितलं. पहिला निबंध घरच्यांनी लिहून दिला असावा, मी शेरा मारल्यावर तिने स्वतः लिहायला सुरुवात केली, वगैरे.

"त्यांना विचारलंत?"

"विचारायची गरज..."

"विचारलंत का?"

"नाही."

बाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली.

सुट्टीनंतर पालकसभेला प्रज्ञाचे वडील आले. खाकी गणवेशातच, ड्युटीवरून परस्पर. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "तिचे निबंध घरी कोणी सांगत असेल तर..."

ते गोंधळले. "मॅडम, आमच्यात कोण सांगणार? तिची आई हॉस्पिटलात नर्स, तिला बसायलाबी वेळ न्हाई. मी येतो तवा पोरगी झोपलेली असती."

"मग ते मेथीच्या वासाचं?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ते होय! अहो, सुट्टीचं बसमध्ये घेऊन गेलतो तिला. आजीबाई चढल्या अन् ही मोठ्यांदा म्हणाली, पप्पा, वासाला तिकीट न्हाई का? सगळी बस हसली. ड्रायव्हर तर अजून मला विचारतो, वास आला का म्हणून." मग त्यांचा आवाज खाली आला. "पहिल्यांदा रोज काहीबाही सांगायची. आता न्हाई सांगत. म्हणती, तसं म्हणायचं नसतं."

त्यांना माझ्या शेऱ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिने घरी दाखवलाच नव्हता. ते मला नमस्कार करून, "लक्ष असू द्या मॅडम," म्हणून गेले.

मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. सभा संपली, पालक पांगले, शिपाई वर्गांना कुलुपं लावू लागला. बाई हेल्मेट घेऊन खाली येत होत्या. मला बघून थांबल्या आणि माझ्याच पायरीवर बसल्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मी तिला उद्या बाजूला बोलावून सांगते."

"शेरा बाजूला मारला होता का?"

"वहीत मारला होता."

"आणि वही वाटताना सगळ्यांसमोर काय बोलला होतात?"

बोलले होते. 'काही जण घरून लिहून आणतात,' असं म्हणाले होते आणि तिच्याकडेच बघितलं होतं. सगळ्या वर्गाने तिच्याकडे वळून बघितलं होतं. "मुलांसमोर माफी मागितली तर उद्या माझं कोण ऐकेल, बाई?" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लाजेचं की भीतीचं, मलाच कळत नव्हतं.

बाईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या नोकरीचंही दुसरंच वर्ष होतं. शाळेत पाहुणे येणार होते. एक मुलगा कविता फार सुरेख म्हणायचा, पण अधूनमधून अडखळायचा. पाहुण्यांसमोर तो अडखळला. मी त्याला खाली बसवलं आणि शेजारच्याला उभं केलं. एवढंच. ओरडले नाही, काही नाही. त्यानंतर तो वर्गात बोललाच नाही. उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली आणि तो गेला. मी पत्ता काढायचा प्रयत्न केला, मिळाला नाही. त्याला मी 'अरे बस खाली' म्हणाले होते." त्या उठल्या. साडी झटकली. "तुमची अजून तिसऱ्या बाकावर बसते," म्हणाल्या आणि स्कूटरकडे गेल्या.

शनिवार आला. शेवटच्या तासाला वर्ग गोल करून बसला. बाई त्या दिवशी दुसरीकडे होत्या, मला वाटतं मुद्दाम. मी उभी राहिले.

"मी प्रज्ञाच्या वहीत लिहिलं की तो निबंध तिचा नाही. आणि तुमच्या सगळ्यांसमोर तसं बोलले. तो निबंध तिचाच होता. मी तिला विचारलंही नाही. माझी चूक झाली. पण मला वाटलं की..."

"ताई, पूर्णविराम!" अर्धा वर्ग एका सुरात ओरडला.

मी थांबले. कोणी हसलं नाही. त्यांनी माना हलवल्या, देवमाशाच्या वेळी हलवल्या होत्या तशाच, आणि पुढच्या मुलाने हात वर केला. तास चालू राहिला. वर्ग हाताबाहेर वगैरे काही गेला नाही. प्रज्ञा मात्र मान खाली घालून फरशीवर बोटाने रेघा ओढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता सोमवारी नवा निबंध येईल. सोमवारी आला, 'मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे.' त्याच्या पुढच्या आठवड्यात 'झाडे आपले मित्र आहेत'. मी हताश होऊन बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला शेरा मारायला एक मिनिट लागलं. त्यांना किती लागावं ते त्या ठरवतील." त्या काळात त्या मधल्या सुट्टीत वारंवार तिसरीत येऊन बसायच्या. प्रज्ञा दर वेळी त्यांना घास द्यायला नाही म्हणायची. बाई दर वेळी "बरं" म्हणायच्या.

एका शनिवारी मुलं दप्तरं भरत असताना प्रज्ञा माझ्या टेबलापाशी आली. हातात ती वही होती, मेथीच्या पानावर उघडलेली.

"ताई, तुम्हाला का वाटलं की माझं नाही?"

किती तरी उत्तरं देता आली असती. मी म्हटलं, "कारण मला असं लिहिता येत नाही. मी शाळेत सगळे निबंध पाठ करून लिहिले. गाय, मोर, झाडं. मला वाटलं, सगळे तसंच करतात."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. कीव आल्यासारखं. "एकपण स्वतःचा नाही?"

"एकपण नाही."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "अवघड नसतं. मी शिकवू?"

असं ठरलं की पुढच्या शनिवारी चुका सांगून झाल्या की उरलेला वेळ प्रज्ञाचा. ती माझ्या खुर्चीत बसली, तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मी तिच्या जागेवर, तिसऱ्या बाकावर. बाकीचा वर्ग माझी फजिती बघायला सरसावून बसलेला. तेवढ्यात बाई दारात आल्या. जरा वेळ बघत राहिल्या, मग आत आल्या आणि मला म्हणाल्या, "सरका. मलाही शिकायचंय." आणि खरोखरच माझ्या शेजारी अंग चोरून बसल्या.

"खिडकीतून बाहेर बघायचं," प्रज्ञा म्हणाली. "बोलायचं नाही. आणि आपल्याला माहिती असलेलं लिहायचं नाही. दिसलं तेच लिहायचं. सगळ्यांनी."

अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, कुंड्या. मला तीन ओळी सुचायला घामाघूम व्हायला झालं. 'कबुतर एसीच्या खोक्यावर बसले आहे. त्याला तिथून हाकलणार हे त्याला माहीत आहे. तरी ते घरच्यासारखे बसले आहे.' प्रज्ञाने ते वाचलं, ओठ दुमडले, म्हणाली, "जमेल तुम्हाला." एवढी मोठी शाबासकी मला त्याआधी कुठे मिळाली नव्हती.

मग तिने बाईंचा कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. 'समोर एक बाई ओले कपडे झटकत आहेत. प्रत्येक कपडा झटकताना त्यांचे ओठ हलतात. त्या बहुधा ज्याचा कपडा त्याच्याशी बोलतात.'

"काय बोलतात?" प्रज्ञाने विचारलं.

"ते ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"मग नीट बघा ना. अजून आहेत त्या तिथेच." तिने कागद परत दिला. "अपुरं आहे."

बाईंनी मान हलवली, पेन्सिल घेतली आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागल्या. घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन पळाली, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवू लागले. बाई लिहीत होत्या. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर सारायचंही त्यांना भान नव्हतं. प्रज्ञा दप्तर पाठीला लावून दारात घुटमळत होती.

"बाई, झालं का?"

"नाही हो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आपण निघा. मी सोमवारी तपासायला देते."